‘फुकट’ जमिनीचा हिशेब वर्गात कसा मांडावा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे. या वेळी विषय: अमेरिकेच्या पश्चिमेकडे जाऊन शेती, रेल्वे आणि गुरांच्या कामावर राबलेली माणसे मुलांना कशी शिकवावीत.

प्रश्न: नववीच्या पुस्तकात एकच ओळ आहे: १८६२च्या होमस्टेड कायद्याने सरकारने प्रत्येकी १६० एकर जमीन फुकट दिली. मुले विचारतात, ‘मग तिथे गरीब कोण राहिले?’ माझ्याकडे पाच-सहा तासिका आहेत. सुरुवात कुठून करू?
– इतिहास शिक्षिका, पुणे

दोरीपासून करा. ३३ फूट लांबीची दोरी आणि चार खुंट्या घेऊन वर्ग मैदानावर न्या आणि ३३ फुटांचा चौरस आखा. हा एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला सांगावे लागत नाही. नायलॉनची दोरी घेऊ नका, ती ताणते आणि चौरसाचा पतंग होतो. कर्ण मोजून खात्री करा, तो ४६ फूट ८ इंच यायला हवा.

अमेरिकेतले मोजणीदार जी साखळी ओढत होते ती ६६ फुटांची, म्हणजे तुमच्या दोन दोऱ्या. अशा ८० साखळ्यांचा एक मैल. १७८५च्या कायद्यानुसार जमिनीचे सहा मैल गुणिले सहा मैल असे चौरस पाडले, त्याला टाउनशिप म्हणत. एका टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. त्याचा चौथा हिस्सा १६० एकर. त्याची एक बाजू अर्धा मैल, तुमच्या दोरीने मोजली तर बरोबर ८० दोऱ्या. ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० गुंठे. हा गुणाकार मुलांनाच करू द्या. १६वा सेक्शन शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवलेला असे, हेही सांगा. पण मोजणी कागदावर सरळ रेघांनी झाली, ओढा कुठून वाहतो हे तिने पाहिले नाही. एकाच्या १६० एकरांत बारमाही पाणी आणि शेजाऱ्याच्या १६० एकरांत नुसता माळ, असे सर्रास झाले.

दुसऱ्या तासिकेला ‘फुकट’ हा शब्द फळ्यावर लिहा आणि त्याखाली हिशेब मांडा. अर्ज करताना १० डॉलर शुल्क आणि २ डॉलर कमिशन, शेवटी हक्काचा कागद मिळताना ६ डॉलर. एकूण १८. इथपर्यंत खरोखरच स्वस्त. पण अट होती पाच वर्षे त्याच जमिनीवर राहण्याची, घर बांधण्याची आणि जमीन कसण्याची. पाच वर्षे थांबायचे नसेल, तर सुरुवातीच्या कायद्याप्रमाणे सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलरने, म्हणजे २०० डॉलर मोजून जमीन घेता येई. या पळवाटेचा फायदा सट्टेबाजांनी भरपूर घेतला.

आता कायद्यात न लिहिलेला खर्च. प्रेअरीच्या, म्हणजे तिथल्या विस्तीर्ण गवताळ मैदानाच्या, गवताची मुळे इतकी दाट की पहिल्या नांगरटीला साधा नांगर चालत नसे. खास जड नांगर आणि त्याला बैलांच्या तीन-तीन, कधी सहा जोड्या. दिवसाकाठी एक-दोन एकर उलटले तर चांगले. बैल नसतील तर पैसे देऊन नांगरून घ्यायचे. पहिल्या वर्षी उलटलेल्या ढेकळांत कुऱ्हाडीने चीर पाडून मका टोकायचा. पीक हाती येईपर्यंतचे धान्य, विहीर, कुंपण, बियाणे हे सगळे पदरचे. नेब्रास्काच्या उंचवट्यावर काही विहिरी २०० फुटांच्याही खाली गेल्या. म्हणून शहरातला अगदी कफल्लक मजूर या जमिनीपर्यंत क्वचितच पोचला. मुलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे पावसात आहे. आपल्याकडची मुले ‘१६० एकर म्हणजे जमीनदारच की!’ म्हणणार. त्यांना नकाशावर १०० अंश पश्चिम रेखांश दाखवा. त्याच्या पश्चिमेला वर्षाचा पाऊस साधारण २० इंचांच्या, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या खाली जातो. माण किंवा सांगोल्याच्या मुलांना हा आकडा ओळखीचा वाटेल. भूगर्भतज्ज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८च्या अहवालात स्पष्ट लिहिले की या कोरड्या पट्ट्यात गुरे पाळून जगायचे तर एका कुटुंबाला २,५६० एकर लागतील. सरकारने तेव्हा ते मनावर घेतले नाही. उलट ‘नांगर फिरला की मागून पाऊस येतो’ अशी समजूत जमीन विकणाऱ्यांनी पसरवली. होमस्टेडची, म्हणजे या कायद्याने मिळणाऱ्या जमिनीची, मर्यादा ३२० एकर झाली ती १९०९ साली, आणि तीही काही कोरड्या भागांपुरती.

तिसऱ्या आणि चौथ्या तासिकेला एक खरी फाइल हाती द्या. प्रत्येक होमस्टेडची फाइल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि नेब्रास्काच्या बऱ्याच फाइली संगणकावर पाहता येतात. त्यात अर्ज, पावत्या, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि पाच वर्षांनंतरचा जबाब असतो: घर किती बाय किती, खिडक्या किती, किती एकर कसले, कोणते पीक, घरात माणसे किती, मध्ये किती दिवस जमीन सोडून गेलात. सोबत दोन साक्षीदारांचे जबाब. मुलांना आधी सातबारा वाचायला लावा, मग ही फाइल. दोन्हींत पीकपाणी आहे, फक्त अमेरिकन फाइलमध्ये खिडक्याही मोजल्या आहेत!

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे मुले फाइल ‘यशोगाथा’ म्हणून वाचतात. ज्यांनी तिसऱ्या वर्षी टोळधाडीला किंवा कर्जाला कंटाळून जमीन सोडली, त्यांच्या फाइलमध्ये शेवटचा जबाब नसतोच. १८७४ची टोळधाड तर कपडे आणि अवजारांच्या लाकडी मुठींपर्यंत सगळे खाऊन गेली. म्हणून एक पूर्ण आणि एक अर्धवट सोडलेली, अशा दोन फाइली शेजारी ठेवा.

प्रश्न: मुलीला शाळेत ‘पायोनियर’ लोकांच्या मातीच्या घराची प्रतिकृती करायची आहे. माती आणि गवत कालवून विटा केल्या, पण त्या चिरल्या आणि गळून पडल्या. काय चुकले?
– एक आई, टेक्सास

तुम्ही केल्या त्या कच्च्या विटा. ते घर विटांचे नव्हते, मुळांचे होते. मैदानात झाडे नाहीत, लाकूड विकत आणायचे तर दूरवरून, म्हणून लोकांनी गवतासकट जमिनीची साल कापली. साधारण एक फूट रुंद, दोन-तीन फूट लांब, चार इंच जाड लादी. एकेकीचे वजन २०-२५ किलो. तिला धरून ठेवणारा गारा नव्हता, चिखल नव्हता, फक्त मुळांचे जाळे. १६ बाय २० फुटांच्या घराला अशा सुमारे ३,००० लाद्या लागत. गवताची बाजू खाली ठेवून रचत, म्हणजे मुळे खालच्या थरात शिरतात. भिंत दोन लाद्या जाड, सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, आणि दर तिसरा थर आडवा.

तेव्हा तुम्हीही मुळे उगवा. पद्धत घटस्थापनेचीच. ३० बाय ४५ सेंटिमीटरच्या दोन ट्रेमध्ये खाली पातळ सुती कापड, त्यावर दोन सेंटिमीटर चाळलेली माती. प्रत्येक ट्रेला साधारण २५० ग्रॅम गहू रात्रभर भिजवून दाटीवाटीने पसरा, वर मातीचा हलका थर. पाणी शिंपडायचे, ओतायचे नाही. दहा-बारा दिवसांत खालून मुळांची चटई तयार होते. ट्रे उलटून पाहा, पांढरे जाळे दिसले पाहिजे. अंकुर कात्रीने बोटभर ठेवून कापा. कापायच्या आदल्या दिवशी पाणी बंद करा; ओली माती सुरीला चिकटून लादी फाटते, अगदी कोरडी झाली तर भुगा होतो. धारदार सुरीने १० बाय ५ सेंटिमीटरचे तुकडे करा. एका ट्रेमधून २७ निघतात.

पूर्ण घराच्या फंदात पडू नका. सहापट लहान प्रमाणातही ते घर मीटरभर लांब होते. फक्त ३० सेंटिमीटर लांबीची भिंत करा: दोन लाद्या जाड, सहा थर, ३६ लाद्या. उरलेल्या १८ तुटण्यासाठी राखीव. तिसरा आणि सहावा थर आडवा लावला तरी संख्या तितकीच लागते. एका टोकाला खिडकीची लाकडी चौकट ठेवा आणि तिच्यावर बोटभर मोकळी जागा सोडून तिथे चिंधी कोंबा. खऱ्या घरातही असेच करत, कारण भिंत पहिल्या वर्षात दबून खाली बसते आणि जागा सोडली नाही तर काच फुटते. बुरशी आली तर समजा पाणी जास्त झाले, उन्हात ठेवा.

छतासाठी मात्र मुलीला आजी-आजोबांशी बोलू द्या. माळवदाच्या घरात राहिलेल्या कुणालाही हे पटकन कळेल: फांद्या, त्यावर गवत, त्यावर माती, आणि पाऊस थांबल्यावरही दोन दिवस आत ठिबकणारे पाणी. तिथल्या बायका वरून माती आणि साप ताटात पडू नयेत म्हणून छताखाली मलमलीचे कापड ताणून बांधत. चुलीत जळण म्हणून बायसनच्या आणि गुरांच्या वाळलेल्या शेणी. पुस्तके हे किळसवाणे नवल म्हणून सांगतात. गोवऱ्या थापलेल्या मुलुखातल्या मुलांना त्यात नवल काहीच नाही, आणि ते वर्गात सांगायला तिने लाजू नये.

प्रतिकृतीशेजारी एक छायाचित्र लावा. सॉलोमन बुचर याने १८८६पासून नेब्रास्काच्या कस्टर काउंटीत अशा घरांसमोर कुटुंबे उभी करून फोटो काढले. क्रिसमन बहिणींचा १८८६चा फोटो सहज मिळेल. चौघी बहिणी, मागे मातीचे घर. एकट्या, विधवा किंवा कुटुंबप्रमुख बाईला स्वतःच्या नावावर जमीन मागता येत होती. नवऱ्यासोबत राहणाऱ्या बाईला साधारणपणे नाही.

प्रश्न: रेल्वेवरच्या चिनी मजुरांबद्दल शिकवायचे आहे, पण त्यांनी स्वतः लिहिलेले काहीच सापडत नाही. मग शिकवायचे कशावरून?
– शिक्षक, नाशिक

सापडत नाही हे बरोबरच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१२पासून अमेरिका आणि चीन दोन्हीकडे शोध घेतला; रेल्वेवरच्या चिनी मजुराने तिथून लिहिलेले एकही पत्र हाती आले नाही. तेव्हा कंपनीचे मस्टर वाचा. सेंट्रल पॅसिफिक कंपनीच्या पगारपत्रकांत आयरिश मजुरांची नावे एकेक करून आहेत. चिनी मजुरांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी फक्त टोळीच्या मुकादमाचे नाव आणि पुढे एकूण हजेरीचे दिवस. पगार मुकादमाच्या हाती जाई, तो वाटून देई. मुलांना विचारा: तीस माणसांच्या टोळीतली २९ नावे कुठे गेली? ठेकेदाराच्या मस्टरवर अंगठे उठवणाऱ्यांच्या गावात हा प्रश्न फार समजावून सांगावा लागणार नाही.

मग आकडे. अमेरिकेच्या पूर्व-पश्चिमेला जोडणाऱ्या या रेल्वेसाठी सेंट्रल पॅसिफिक कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे निघाली, युनियन पॅसिफिक ओमाहाहून पश्चिमेकडे. ६९० मैल आणि १,०८६ मैल. दोन्ही रूळ १० मे १८६९ रोजी यूटामधल्या प्रॉमन्टरी समिट येथे जुळले. सेंट्रल पॅसिफिकच्या ऐन भरातल्या कामावर दहा-एक हजार चिनी मजूर होते, म्हणजे दहातले नऊ. बहुतेक ग्वांगडोंग प्रांतातले. सुरुवातीचा पगार महिना २६ डॉलर, पुढे तिशीच्या वर, जेवण स्वतःचे. गोऱ्या मजुराला सुमारे ३५ डॉलर, शिवाय जेवणखाण कंपनीचे. दोन रकाने काढून हा फरक मुलांना मांडू द्या, आणि जेवणाचा रकाना विसरू देऊ नका. तोच बहुतेकदा विसरला जातो.

सिएरा नेवाडातल्या शिखर-बोगद्याची लांबी १,६५९ फूट, दगड ग्रॅनाइटचा. दोन्ही तोंडांकडून आणि मध्ये विहिरीसारखा कूपक खणून त्यातून दोन्ही दिशांना, असे चार ठिकाणी काम एकाच वेळी. सुरुंगाच्या साध्या दारूने दिवसाला एका तोंडावर जेमतेम फूटभर, नायट्रोग्लिसरीन आल्यावर त्याहून बरे, पण दोन फूटही नाही. वर्गात जमिनीवर खडूने एक फूट लांब रेघ ओढा आणि म्हणा, ‘आजचे काम झाले.’

जून १८६७ मध्ये सुमारे ३,००० चिनी मजुरांनी काम थांबवले. मागणी महिना ४० डॉलर, उघड्यावर १० तास आणि बोगद्यात ८ तासांची पाळी. दंगा नाही, दगडफेक नाही. कंपनीचा बांधकामप्रमुख चार्ल्स क्रॉकर याने अन्नाचा पुरवठा तोडला आणि आठवडाभरात संप मोडला. ‘गुपचूप राबणारे चिनी’ हे चित्र पुसायला ही एक गोष्ट पुरते.

दोन ठिकाणी सावध राहा. मजुरांना टोपल्यांत बसवून कड्यावरून सोडले आणि त्यांनी सुरुंग भरले, ही कथा फार लोकप्रिय आहे, पण त्या काळच्या कागदांत तिला भक्कम आधार नाही. ती सांगायची तर ‘कथा’ म्हणून सांगा. दुसरे, मृतांचा नेमका आकडा देऊ नका. कंपनीने चिनी मृत्यूंची नोंदच ठेवली नाही. १० मे १८६९चा प्रसिद्ध फोटो, दोन इंजिने समोरासमोर आणि मध्ये हस्तांदोलन, दाखवताना मात्र २८ एप्रिल १८६९ही सांगा. त्या एका दिवसात दहा मैलांहून थोडा जास्त रूळ टाकला गेला. रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश मजुरांची नावे इतिहासात राहिली. त्यांच्यासोबत राबलेल्या हजारो चिनी मजुरांपैकी एकाचेही नाही.

प्रश्न: काऊबॉय हा विषय मुलांना आवडतो, पण त्यांना फक्त बंदुका ठाऊक.
– शिक्षिका, कोल्हापूर

मजुरी सांगा, बंदुका आपोआप बाजूला पडतात. टेक्सासहून कॅन्ससच्या रेल्वे स्थानकापर्यंत अडीच हजार गुरे न्यायला दहा-बारा माणसे. दिवसाला १०-१५ मैल. जास्त पळवली तर गुरे वाळतात आणि भाव पडतो. पगार महिना २५ ते ४० डॉलर, स्वयंपाक्याला बहुधा त्याहून जास्त. कॅन्ससमधल्या अॅबिलीनला गुरांचा बाजार १८६७ साली सुरू झाला, १८८६-८७च्या हिवाळ्याने मोकाट चराईचा धंदा मोडला. जेमतेम वीस वर्षांचा खेळ. हे काम मूळचे मेक्सिकन गुराख्यांचे, म्हणून रँच, रोडिओ, लॅरिएट हे शब्द स्पॅनिशमधून आले. काळे गुराखीही बरेच होते. आपल्या धनगरांच्या वाटचालीशी तुलना करायला हरकत नाही, पण एक फरक दाखवा: धनगराची मेंढरे त्याची स्वतःची असतात, काऊबॉय दुसऱ्याच्या गुरांमागचा पगारी गडी.

प्रश्न: ‘वस्ती केली’ म्हटले की एक मुलगा विचारतो, ‘आधी तिथे कोण होते?’ हा भाग वेगळा धडा म्हणून घ्यावा का?
– शिक्षक, नागपूर

वेगळा घेऊ नका. वेगळा घेतला की तो परीक्षेच्या आदल्या दिवशी गाळला जातो. पहिल्या दोरीच्या तासिकेतच घ्या, आणि एका ठिकाणावरून घ्या. डॅनियल फ्रीमन याने कायदा लागू झाला त्याच दिवशी, १ जानेवारी १८६३ रोजी, नेब्रास्कातल्या बिआट्रिसजवळच्या जमिनीसाठी अर्ज केला. त्या जागी आज होमस्टेडचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. ती जमीन ओटो-मिझुरिया या मूळ रहिवासी लोकांनी १८५४च्या करारात सोडलेली. त्यांच्यासाठी राखलेली जागा जवळच, बिग ब्लू नदीकाठी होती. १८८१ साली त्यांना तिथूनही दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात हलवले. म्हणजे फ्रीमन नांगरत होता तेव्हा मूळचे लोक शेजारीच होते. ‘ओसाड माळ’ हा शब्द मुले मग आपणहून खोडतात.

पुढे १८८७चा डॉज कायदा. सामाईक जमिनीचे तुकडे पाडून कुटुंबांना वाटले आणि ‘उरलेली’ जमीन इतरांना खुली केली. १८८७ मध्ये मूळ रहिवाशांकडे १३ कोटी ८० लाख एकर होते, १९३४ मध्ये ४ कोटी ८० लाख. टक्केवारी मुलांनाच काढू द्या. आणि मुलांना डोक्यात पिसे खोचून नाटक बसवणे, किंवा मैदानावर धावत जाऊन जमीन बळकावण्याचा खेळ, हे दोन्ही टाळा. खेळात जिंकणाऱ्याची मजा लक्षात राहते, ज्याची जमीन गेली तो पटावर नसतोच.

निकोडिमस गावही याच तासिकेत बसते. गुलामीतून सुटलेल्या केंटकीच्या काळ्या कुटुंबांनी १८७७ साली कॅन्ससमध्ये हे गाव वसवले. पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या खोपटांत काढला. गाव उभे राहिले, शाळा आली, पण १८८८ मध्ये रेल्वे बाजूने गेली आणि दुकाने रुळाकडे सरकली.

प्रश्न: या सगळ्याशी मराठी माणसाचा काही संबंध जोडता येईल का? ओढूनताणून नको.
– वाचक, वर्धा

वर्ध्याहूनच प्रश्न आला हे छान झाले. संबंध आहे, पण शेवटच्या टप्प्यातला. १७९०च्या कायद्याने नागरिकत्व फक्त ‘मुक्त गोऱ्या’ व्यक्तींना खुले होते, १८७०मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना. होमस्टेडसाठी नागरिक असणे किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर करणे आवश्यक होते. म्हणून बोगदे खणणारा चिनी मजूर त्याच रेल्वेकाठची १६० एकर मागू शकत नव्हता, आणि १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांचे येणेही बंद झाले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियात लाकूड गिरण्यांवर आणि शेतांवर पंजाबी मजूर आले, आणि त्यांच्यापुढेही हीच भिंत आली. कॅलिफोर्नियाने १९१३ साली, ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना जमीन घेण्याची बंदी केली. त्याच वर्षी या मजुरांच्या बळावर गदर पक्ष उभा राहिला. त्यात तुमच्या वर्ध्यात जन्मलेले, अमेरिकेच्या त्याच किनाऱ्यावर शेतीशास्त्र शिकणारे पांडुरंग खानखोजे होते, आणि तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळेही. पिंगळे यांना नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फाशी झाली. खानखोजे पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या शेती महाविद्यालयात शिकवू लागले आणि मक्यावर काम केले. नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही असा निकाल दिला. भारतीयांना नागरिकत्वाचे दार उघडले ते १९४६ मध्ये.